लूनच्या चिन्हाचं उजवं टोक

रेइनो : दोन हजार पंधराच. आमच्या थोरलीला जुळं झालं ते साल. मेमध्ये पोरं झाली आणि जूनमध्ये तू चिन्हासाठी चित्रं मागवलीस. एका हातात बाळ धरून मी दुसऱ्या हातानं लून पक्ष्याचा डोळा रंगवत होतो. साल चुकायचं नाही.

लिनेट : बरं, पंधरा लिहिते. या फॉर्मवर सगळं नीट लागतं, रेइनो. साल, नाव, गाव, कुणी काय काढलं.

रेइनो : फुकट वाटलेल्या वस्तूला एवढे कागद?

लिनेट : फुकटच्याला जास्तच. विकत घेतलेल्याची निदान पावती असते. मी लून हा प्रोग्राम लिहायला घेतला तेव्हा मला आपल्या वाचनालयातली पुस्तकं कोण नेतं, कोण आणतं एवढंच बघायचं होतं. आज तीनशे वाचनालयांत तो चालतोय. माझ्या टेबलावरून आता सांभाळणं होत नाही. एक संस्था तो ताब्यात घेतेय. पण ते म्हणतात, चिन्ह आमच्या नावावर नोंदवायचं तर ज्यानं ज्यानं त्याला हात लावलाय त्याची सही आणा. शुक्रवारपर्यंत.

रेइनो : एमिल तर गेला.

लिनेट : रोझनं काल त्याच्या वतीनं सही दिली. नवरा जाऊन महिना झाला तरी बाई दोन कप मांडते. मला वाटलं एक माझा. तर माझ्यासाठी तिसरा काढला.

रेइनो : कॉफी घे तू. वेलदोड्याचा पाव आऊनेनं सकाळीच भाजलाय.

लिनेट : घेते. तर राहिला क्लाइड मर्सर.

रेइनो : लोणी इकडं आहे.

लिनेट : कॅनडातल्या थंडर बेचा क्लाइड मर्सर. चिन्हाचं उजवं टोक त्याचं. तीन महिने लूनच्या वेबपानावर लिहीत होता आणि जो गेला तो गेला. पाच वेळा लिहिलं मी त्याला. तो पत्ता बंद झालाय म्हणून परत येतं. शेवटी तिथल्या वाचनालयात फोन केला. ती बाई म्हणाली, या नावाचा आमच्याकडे एक दंतवैद्य होता, शहाण्णव साली वारला.

रेइनो : दंतवैद्याला कशाला मधे ओढता.

लिनेट : म्हणून तुमच्याकडे आले. क्लाइडची सही नाही तर क्लाइडचं टोकही ठेवता येत नाही. एमिलनं पहिल्यांदा काढलेली रेघ शेवटाला बोथट होती, आठवते ना? छापली की तुटल्यासारखी दिसायची. तेव्हा नवं टोक तुम्ही काढून द्या. एका दुपारचं काम. वर लिहू, रेघ एमिल वुकेलिच, टोक रेइनो सारेला.

रेइनो : माझं नाव.

लिनेट : तुमचं नाव. तीनशे वाचनालयांत. उद्या आणखी शंभरांत.

रेइनो : नको.

लिनेट : का नको?

रेइनो : हात थरथरतो.

लिनेट : गेल्या आठवड्यात यॉर्गनसनच्या बोटीवर नाव तुम्हीच रंगवलंत. मी बंदरावर बघितलंय. केस ठेवायला जागा नाही इतकं सरळ.

रेइनो : ते टोक चांगलं आहे. त्याला हात लावू नका.

लिनेट : मलाही लावायचा नाहीये. पण माणूस सापडत नाही. आणि खरं सांगू, मला वाटलं होतं तुम्हाला बरं वाटेल. नऊ वर्षं तुम्ही त्या चिन्हावर जळताय, रेइनो.

रेइनो : कोण म्हणतं?

लिनेट : आऊने म्हणते. चर्चमध्ये भांडी घासताना म्हणाली, आमच्याकडे त्या रेघेचा विषय निघाला की हे गॅरेजमध्ये जाऊन बसतात.

रेइनो : आऊने पुष्कळ बोलते. एमिलची टोपी कुणी विणली विचार तिला.

लिनेट : कसली टोपी?

रेइनो : निळी लोकरीची. पुढं लूनची रेघ. चिन्ह ठरलं तेव्हा तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला भेट दिलीत ना? ती माझ्या बायकोनं विणली. माझ्या दिवाणखान्यात, माझ्या खुर्चीत बसून. पंधरा दिवस मी ती रेघ टाक्या-टाक्यानं वाढताना बघितली. आणि तो पठ्ठ्या ती टोपी घालून रोज सकाळी माझ्या खिडकीवरून चालत जायचा. जुलैमध्येसुद्धा.

लिनेट : त्याच्या डोक्याला गारठा सोसत नव्हता.

रेइनो : ठाऊक आहे. दुसरी टोपी नव्हती का त्याला?

लिनेट : मतदानात त्याला एकसष्ट मतं पडली, रेइनो. कुणी लबाडी केली नाही.

रेइनो : आणि मला नऊ. एक माझं. आऊनेनं कुणाला दिलं ते मी आजतागायत विचारलेलं नाही. बघ, तुला माझं दुखणं कळायचं नाही. मला चौतिसाव्या वर्षापर्यंत वाचता येत नव्हतं. बोटींच्या मागं नावं रंगवायचो ती नक्षी म्हणून. आऊनेनं धडे दिले तेव्हा कळलं, ही तर बायकांची नावं आहेत. म्हणजे आकार माझ्या हातात आधी आला, अर्थ मागून. एक्केचाळीस वर्षं या गावातली दुकानं, बोटी, बर्फ ढकलायच्या गाड्या मी रंगवल्या. एमिल काय? टपालवाला. निवृत्त झाल्यावर पेन्सिल हातात धरली. त्याला तुझ्या शनिवारच्या बैठकीला आणला कुणी? मीच. म्हटलं, घरी बसून रोझचं डोकं खातो, येऊन बसेल, कॉफी करेल.

लिनेट : कॉफी तो वाईटच करायचा.

रेइनो : ते तरी वाईट करायचा. मी आठ दिवस खपून सबंध लून काढला. काळं डोकं, लाल डोळा, पाठीवरचा एकेक पांढरा ठिपका वेगळा. आणि यानं? पक्षीच नाही. लूननं बुडी मारल्यावर पाण्यावर उरते तेवढी एक रेघ. पाकिटाच्या मागं काढून आणली होती. टेबलावर ठेवली, आणि तू काय केलंस माहितीये?

लिनेट : काय केलं?

रेइनो : काहीच बोलली नाहीस. माझ्या लूनला 'छान आहे, सुरेख आहे' म्हणाली होतीस. त्या पाकिटाकडे नुसती बघत राहिलीस. तेव्हाच मला कळलं माझं गेलं.

लिनेट : मला आठवत नाही असं.

रेइनो : मला आठवतं. घरी येऊन मी कंपास घेतला आणि त्याची रेघ मोजली. म्हटलं योगायोग असेल, कुठं तरी चुकली असेल. चुकली नव्हती. फक्त शेवट. रेघ संपवायची कशी ते त्याला येत नव्हतं. नुसती थांबली होती, दार आपटल्यासारखी.

लिनेट : ते क्लाइडनं सांगितलं.

रेइनो : हो.

लिनेट : आधी हरकत घेतली, मग सांगितलं. पहिल्यांदा मला रागच आला होता त्याचा. कुठल्या हॉलो क्रीक डेअरीचं चिन्ह शेजारी लावून म्हणाला, ही रेघ चोरलेली आहे. आमचा नियमच आहे, हरकत कुणाचीही असो, तिचं उत्तर झाल्याशिवाय मत घ्यायचं नाही. तीन आठवडे सगळं अडलं. रोझ सांगत होती, एमिल नीट जेवत नव्हता. 'मी चोरी केली असं लोक म्हणतील' हे एकच.

रेइनो : एवढं?

लिनेट : तीस वर्षं लोकांची पाकिटं वाटली, एक कधी इकडचं तिकडं झालं नाही. त्याला चोर म्हणणं म्हणजे काय हो.

रेइनो : मला कुणी सांगितलं नाही तो जेवत नव्हता ते.

लिनेट : तुम्ही तेव्हा बैठकीला येत होता की. दर शनिवारी.

रेइनो : येत होतो. तो माझ्या शेजारीच बसायचा. पाव खायचा नाही, माझ्याकडे सरकवायचा. मी खायचो.

लिनेट : जाऊ दे, जुनं झालं. शेवटी एमिलनंच क्लाइडला लिहिलं. साम्य असेल तर माझी चूक, मी डेअरीचं बघितलं नव्हतं, रेघ कशी वळवू तुम्हीच सांगा. त्यानंतर तो माणूस बदललाच. किती बारीक बारीक लिहायचा.

रेइनो : ब्रश नुसता उचलायचा नाही. रेघ संपत आली की दांडी बोटांत फिरवायची आणि फिरवता फिरवता उचलायचं. केस एकत्र येतात, टोक सुईसारखं निघतं. संगणकावर काढलं तरी डोळ्यासमोर ते फिरणं हवं.

लिनेट : हो, असंच काहीसं लिहिलं होतं त्यानं.

रेइनो : असंच काहीसं नाही. हेच. शब्द न् शब्द.

लिनेट : तुम्हाला एवढं पाठ कसं?

रेइनो : आणखी पाव घे.

लिनेट : रेइनो.

रेइनो : शुक्रवारपर्यंत म्हणालीस ना? दे तो फॉर्म इकडं. क्लाइड मर्सरच्या जागी मी सही करतो.

लिनेट : तुम्ही कशी कराल? खोटी सही नाही चालत.

रेइनो : खोटी नाही. खोटा तो क्लाइड.

लिनेट : म्हणजे हरकत तुम्ही घेतलीत.

रेइनो : मी घेतली. नातवंडं झोपली होती, आऊने बाजारात गेली होती. नाव शोधायला दहा मिनिटं लागली. थंडर बे घातलं, कारण तिथं आपल्यापैकी कुणी फारसं जात नाही.

लिनेट : आणि डेअरी?

रेइनो : डेअरी खरी आहे. पलीकडे विस्कॉन्सिनात. पण तिची रेघ इतकी जवळची नव्हती. मी थोडी वाकवली. आता काय लपवायचं, थोडी नाही, बरीच वाकवली.

लिनेट : तुम्ही त्याला चोर ठरवायला स्वतः लबाडी केलीत.

रेइनो : केली.

लिनेट : त्या तीन आठवड्यांत मी लून बंद करायला निघाले होते, माहितीये? म्हटलं, फुकट काम करणाऱ्या चांगल्या माणसांवर असा चिखल उडणार असेल तर कशासाठी हे. एमिलनं मला अडवलं. म्हणाला, क्लाइडला रेघ कळते, त्याला घालवू नकोस.

रेइनो : तेच तर. माझ्यासमोर म्हणायचा. शनिवारी येऊन बसला की, 'रेइनो, या क्लाइडची नजर बघ रे. असा माणूस मी बघितला नाही.' मी तिथं हातभर अंतरावर. मला त्या क्लाइडचा राग यायला लागला, लिनेट. हसू नकोस. माझीच अक्कल, माझाच हात, आणि कौतुक कुणाचं तर थंडर बेच्या माणसाचं. माझ्या लूनबद्दल एमिल कधी असं बोलला नव्हता. एका माणसावर जळत होतो, ते दोन झाले. म्हणून क्लाइडला बंद केला.

लिनेट : हसत नाहीये मी. आणि एमिलला कधीच सांगितलं नाहीत?

रेइनो : सांगायचं म्हणून तीनदा त्याच्या दारापर्यंत गेलो. एकदा धुरावलेला मासा घेऊन गेलो. मासा देऊन आलो.

लिनेट : मग आज का सांगताय? मी तर म्हणत होते, नवं टोक काढा, नाव लावा. कुणाला काही कळलं नसतं.

रेइनो : बोटींचे रंग चार उन्हाळे टिकतात. दुकानं बंद पडली, बोर्ड उतरले. मी एक्केचाळीस वर्षांत केलेलं काय राहिलंय बघायला गेलं तर ते बोटभर टोक. ते तुम्ही कापणार, आणि माझ्याच हातून. दुसरं काढेनही. पण ते त्याच्या रेघेसाठी काढलं होतं, आणि तसं परत यायचं नाही. दे फॉर्म.

लिनेट : थांबा. सही अशी नाही घेता येत. क्लाइड म्हणजे तुम्हीच याला काही पुरावा लागेल. वकील विचारणार. उद्या कुणीही उठून म्हणेल मी क्लाइड. तेव्हाचा संगणक आहे?

रेइनो : केव्हाच मोडीत गेला.

लिनेट : बघू. आमच्या पानावरचं काही जात नाही. हरकत क्रमांक एकशे अठ्ठावीस असावी.

(ती पिशवीतून लॅपटॉप काढून कॉफीच्या कपांमध्ये उघडते.)

लिनेट : ही बघा हरकत. आणि हे तुम्ही जोडलेलं चित्र. तुम्हाला हे माहीत होतं का, की अशा चित्राची फाइल आतून सगळी मजकूरच असते? रेघ कुठून कुठं गेली, रंग कुठला, सगळं लिहिलेलं. आणि ज्या संगणकावर काढलं त्याचं नावगावही प्रोग्राम आपणहून लिहून ठेवतो, तुम्ही पुसलं नाही तर.

रेइनो : मला कोण सांगणार? मी आपला काढायचो आणि पाठवायचो.

लिनेट : मीसुद्धा कधी आत बघितलं नाही. कुणीच नाही बघितलं, नऊ वर्षं. आता उघडते. नाही. काही नाही इथं. अगदी स्वच्छ आहे.

रेइनो : मग झालं. पुरावा नाही.

लिनेट : जरा थांबा. ही फाइल पहिली नाही. हिच्या आधीची एक आहे, ती काढून ही ठेवलीय. आपल्याकडे जुनं टाकत नाहीत, नुसतं मागं जातं. ही जुनी. रेइनो, चष्मा लावा. ही ओळ वाचा.

रेइनो : 'रेइनो सारेला. चित्रं. एमिलची रेघ. डेअरी.' हे माझ्या संगणकातल्या कप्प्याचं नाव.

लिनेट : पुरावा मिळाला.

रेइनो : हे सगळ्यांना दिसत होतं?

लिनेट : तीन दिवस. हरकत आली नऊ जुलैला. बारा तारखेला कुणी तरी तीच फाइल तुमचं नाव काढून परत ठेवली. सोबत एक ओळ आहे. 'चित्र तेच आहे. जास्तीचा मजकूर काढला.'

रेइनो : कुणी?

लिनेट : एमिल वुकेलिच.

रेइनो : नीट बघ.

लिनेट : नीट बघितलं. बारा जुलै, सकाळी पावणेसात.

रेइनो : त्याला फाइल आतून बघायची अक्कल कुठली?

लिनेट : टपालवाला होता. पाठवणाऱ्याचं नाव बघायची सवय.

रेइनो : आणि डेअरीचं दूध तर रोझच घेते. ते चिन्ह छापलेली बाटली रोज त्याच्या टेबलावर. म्हणजे मी रेघ वाकवली तेही त्याला पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

लिनेट : तरी तो जेवत नव्हता. चोर म्हटलं म्हणून नव्हे मग. कुणी म्हटलं म्हणून.

रेइनो : नको बोलूस.

लिनेट : बरं.

रेइनो : ते सगळं शनिवारचं. 'या क्लाइडची नजर बघ रे.' माझ्याकडे तोंड करून म्हणायचा. मी मान खाली घालून लोणी लावत बसायचो. इथंही पुढं गेला. माझ्या आधी उठून, पावणेसातला.

लिनेट : अजून जळताय?

रेइनो : जळतोय. आता जास्तच. रेघेपुरतं होतं तोवर कंपास तरी लावता येत होता.

लिनेट : सही करा. इथं. आणि 'टोक' याच्यापुढं काय लिहू? क्लाइड मर्सर खोडून नुसतं तुमचं नाव लिहिलं तरी चालेल. हरकतीचं फॉर्मवर काही येत नाही.

रेइनो : लिही, 'टोक रेइनो सारेला, ज्यानं क्लाइड मर्सर या नावानं खोटी हरकत घेतली.' आणि पानावर त्या हरकतीखाली मीच लिहितो, डेअरीची रेघ मी वाकवली होती म्हणून. तिथं कायमचं राहतं म्हणालीस ना?

लिनेट : राहतं. आऊने वाचेल.

रेइनो : वाचू दे. तिनंच शिकवलंय.

लिनेट : आणखी एक काम होतं, तुमचा रंग बघून बोलले नाही. नवा लून निघेल तेव्हा उघडल्याबरोबर पहिल्या पानावर एमिलबद्दल दोन ओळी टाकायच्यात. रोझ म्हणाली, रेइनोला सांग, जुना सोबती आहे. पण तुम्हाला जमत नसेल तर मी लिहीन.

रेइनो : तू काय लिहिशील?

लिनेट : गुणी होता, मनाचा मोठा होता, सगळ्यांना मदत करायचा. असंच लिहितात.

रेइनो : तसलं नको. त्याचं कौतुक माझ्या हातून व्हायचं नाही, आणि झालं तर रोझला खरं वाटायचं नाही. जे आहे ते लिहू. घे.

लिनेट : सांगा.

रेइनो : एमिल वुकेलिच, टपालवाला, डलुथ. लूनच्या चिन्हाची रेघ त्यानं काढली. मंगळवार, एकोणीस मार्च दोन हजार चोवीस या दिवशी सकाळी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तो आपल्या घरी वारला.